गुलाबी तळवे

गिरण चालू असतानाच मी मेन स्विच खाली ओढला, बोर्डाचे झाकण उघडले आणि चिनी मातीचा फ्यूज उपसून एप्रनच्या खिशात टाकला. आतल्या पात्यांची घरघर उतरत उतरत थांबली. खोलीभर तपकिरी धूळ तरंगत राहिली. पुड्या बांधणाऱ्या बायकांनी माना वर केल्या.

"सगळ्यांनी बाहेर या," मी म्हणाले. "पदर नाकाला लावा. नळावर साबणाने हात धुवा, आणि धुतल्याशिवाय कुणी डबा उघडू नका."

लाइट गेली काय, असे कुणीतरी विचारले. मी नाही म्हणाले. पुढचे सांगितले नाही, कारण ते आधी ज्यांना सांगायला हवे होते ते आमचे संचालक व्हरांड्याला लागून असलेल्या आपल्या खोलीत, उद्याच्या समारंभात अध्यक्षांना कुठे बसवायचे याचा विचार करीत होते.

मी त्या काळी दक्षिण कोकणातल्या एका खाजगी वनौषधी संशोधन मंडळात चूर्णविभाग सांभाळत असे. माझे शिक्षण तंत्रनिकेतनातले, रसायन शाखेची पदविका. आमचे संचालक डॉ. आठल्ये हे विद्वान गृहस्थ होते. त्यांनी मंडळाला एकच ध्यास लावला होता, फणसोंब्याचा.

फणसोंबा म्हणजे जुन्या फणसाच्या खोडाला फुटणारी बुरशी. हाताला लाकडासारखी कठीण लागते आणि कानासारखी बाहेर आलेली असते. आमच्या भागात तान्ह्या मुलाचे तोंड आले, लाळ गळू लागली, की सहाणेवर पाण्यात फणसोंबा उगाळून तोंडाच्या आतून बोट फिरवीत. या साध्या उपायात औषधी द्रव्य कोणते, ते किती, हे शोधायचे म्हणून मंडळ सुरू झाले. हेतू चांगला होता. हे मी आजही मान्य करते, कारण पुढचे सगळे सांगताना ते विसरायला होते.

चाचणी सोपी असे. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि मध्ये औषधात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची. औषधात दम असेल तर चकतीभोवतीचे जंतू मरतात व स्वच्छ वर्तुळ दिसते. पहिल्या वर्षी फणसोंब्याचे वर्तुळ अगदी बारीक, अंधुक आले. डॉक्टरांचा चेहरा पडला. मला मात्र ते आवडले होते. बारीक असले तरी ते होते, पुन्हा पुन्हा येत होते, आणि त्यावर शांतपणे काम करता आले असते.

कित्येक वर्षे ती तशीच येत राहिली. या समारंभाच्या आधीच्या पावसाळ्यानंतर मात्र एकाएकी वर्तुळे मोठी येऊ लागली. डॉक्टरांनी पुण्याच्या परिषदेत निबंध वाचला. वर्तमानपत्रात छायाचित्र आले. मग मंडळाने ठरवले की तालुक्यातल्या सगळ्या बालवाड्यांतून लहान मुलांना हे चूर्ण वाटायचे. वाटपाचा समारंभ दुसऱ्या दिवशी होता. दारात मांडव उभा राहत होता.

डॉक्टर प्रत्येक भेटीत एक वाक्य बोलत. "पहिली पुडी मी पुण्याला माझ्या नातवाला पाठवली आहे. याहून मोठी हमी काय देऊ?"

प्रत्येक चाचणीत एक बशी कोरी ठेवावी, म्हणजे तिच्यात औषध नसलेली वस्तू घालावी, ही मला तंत्रनिकेतनात लागलेली सवय. समारंभाच्या आधीच्या आठवड्यात मी कोऱ्या बशीसाठी तांदळाचे पीठ घेतले. ते गोदामातल्या, फणसोंब्याच्या रिकाम्या झालेल्या पिंपात ठेवलेले होते. त्या पिठाभोवतीही वर्तुळ आले. चांगले मोठे आले.

तांदळाचे पीठ जंतू मारीत नाही. मारीत असते तर कोकणात कुणी आजारी पडले नसते. मी डॉक्टरांना दाखवले. ते हसले आणि म्हणाले, हात स्वच्छ नसतील, पुन्हा करा. मी पुन्हा केले. पुन्हा तेच आले. ते म्हणाले, समारंभ होऊन जाऊ द्या, मग निवांत बघू.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी सुलभा घाडी आपले बाळ घेऊन कामाला आली. सुलभा पुड्या बांधणाऱ्या बायकांपैकी एक. हसरी होती, कामाला चपळ होती. बाळ एरवी घरी सासूजवळ असे. पण ते कित्येक दिवस रात्रंदिवस किरकिरत होते, सासू कंटाळली होती, म्हणून तिने ते बरोबर आणले. बायकांनी काम सोडून त्याच्याभोवती कोंडाळे केले.

"गे, तळवे बघ गे ह्येचे. कमळाची पाकळी जशी," एक जण म्हणाली.

"राजाचा पोर कसा," दुसरी म्हणाली. "आमच्या पोरांचे बघ, चिखलाचे."

सुलभा लाजली. मी जवळ गेले. तळवे खरोखरच गुलाबी होते, हातांचे आणि पायांचेही. पण बोटांच्या टोकांची कातडी सोलवटली होती. बाळ घामाने चिंब होते. तळहात एकमेकांवर घासत होते, आणि खिडकीचा उजेड तोंडावर आला की आईच्या कुशीत चेहरा खुपसून रडत होते. मूल निरोगी असले की उजेडाकडे बघते. हे मूल उजेडाला भीत होते.

मी तिला विचारले, बाळाच्या तोंडात काय घालतेस? ती गोंधळली. मग हळूच म्हणाली की दात येताहेत म्हणून दिवाळीपासून फणसोंब्याचे चूर्ण लावते आहे, सकाळ-संध्याकाळ. पुडीतले नाही. टेबलावर सांडलेले पुसून घेते.

"बाई, चोरी नाय केलंय मी," ती म्हणाली. "ता झाडूनच टाकतत."

मी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेले. मंडळाची जीप मांडवाचे सामान आणायला गेली होती. तिथल्या मुलांच्या डॉक्टर फर्नांडिस यांनी बाळाचे हात उलटसुलट करून पाहिले, पाय पाहिले. मग त्यांनी मला बाजूला घेतले.

"पूर्वी दात येताना मुलांना द्यायची विलायती चूर्णं मिळत. त्यांत पारा असायचा. त्या मुलांचे तळवे असे होत. मी हे फक्त पुस्तकात वाचलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या चूर्णात पारा कुठून आला?"

मी म्हणाले, आमच्या चूर्णात फणसोंब्याशिवाय काहीही नाही.

"मग आधी जाऊन बघा," त्या म्हणाल्या. "आणि मुलाला आजच्या आज दाखल करा."

सुलभा बाळाला घेऊन, मागे राहिलेली त्याच्या कपड्यांची पिशवी घ्यायला माझ्याबरोबर मंडळात परत आली. मी सरळ गोदामात गेले, एक पिंप जमिनीवर कागद पसरून उपडे केले. फणसोंब्याच्या तुकड्यांबरोबर करड्या रंगाचा भुगा पडला. तळाशी फाटलेले फडके होते. त्यात अर्धी फुटलेली टिकडी होती, वजनाला जड आणि चकाकणारी. ती मी लगेच ओळखली. माझ्या आईच्या घरी तांदळाच्या कणगीत तीच असे. पारद टिकडी, म्हणजे पाऱ्याची गोळी. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवतात.

गोदामाचे काम तातू राणे बघत. वय झालेले, शब्दाला जपणारे. मी टिकडी तळहातावर घेऊन त्यांना विचारले, ही कोणी घातली?

ते अभिमानाने म्हणाले, "मीच घातलंय, बाई. घरच्या तांदळात घालतंय तशीच. म्हणान तर औंदा किडो लागूक नाय."

मागच्या पावसाळ्यात फणसोंब्याला भुंगा लागला होता. तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांदेखत तातूंना झापले होते. घरचे धान्य असेच कुजवता काय, म्हणाले होते. घरचे सांभाळता तसे सांभाळा. तातूंनी ते मनाला लावून घेतले आणि घरचे सांभाळतात तसेच सांभाळले. घरी टिकडी फडक्यात बांधलेली राहते आणि तांदूळ धुऊन शिजवतात. इथे फावड्याने फडकी फाटली, टिकड्या चुरडल्या, आणि सगळे मिळून गिरणीत गेले. फणसोंबा कुणी धूत नाही. परिषदेत वाचलेल्या निबंधातली ती मोठमोठी वर्तुळे पाऱ्याची होती.

मी तातूंना हे सांगितले. ते मागे सरले, पायरीवर बसले आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. त्याच वेळी गिरण सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मी आत जाऊन फ्यूज काढला.

डॉक्टरांच्या खोलीत मी उभ्यानेच सगळे सांगितले. टिकडी कागदावर ठेवून त्यांच्या टेबलावर सरकवली. टेबलाच्या काचेखाली नातवाचे छायाचित्र होते. त्यांनी टिकडीकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"असं बघा, रेगेबाई. पारा म्हटलं की विष, हे तुमच्या तंत्रनिकेतनातलं ज्ञान. आपल्या शास्त्रात पारा शुद्ध करून पिढ्यान्‌पिढ्या वापरतात."

"हा शुद्ध केलेला नाही. बाजारातली धान्याची टिकडी आहे. आणि ती कुणी मोजून घातलेली नाही, फावड्याने घातली आहे."

"म्हणजे अगदी अल्प प्रमाण."

"ते प्रमाण सुलभाच्या मुलाच्या तोंडात दिवाळीपासून जातं आहे."

"तिने ते चोरून नेलं. चोरून, मनाला येईल तसं वापरलं. त्याची जबाबदारी मंडळावर कशी?"

"तिने टेबलावर सांडलेलं पुसून नेलं, डॉक्टर. तेच आपण उद्या हार घालून, भाषण करून वाटणार आहोत."

त्यांनी कागद टिकडीसकट बाजूला सारला. मग समजावणीच्या सुरात बोलू लागले. अध्यक्ष निघाले आहेत. वर्तमानपत्राला कळवले आहे. आता थांबलो तर फणसोंब्याचे नाव कायमचे बुडेल, दहा वर्षांचे काम बुडेल, मंडळ बुडेल. तेव्हा हे वाटप होऊ द्यावे. पुढचा माल स्वच्छ पिंपांत ठेवू. टिकडीचे कुठे बोलू नये.

"काम बुडालेलंच आहे," मी म्हणाले. "ती वर्तुळं फणसोंब्याची नव्हती. फणसोंब्याचं वर्तुळ ते पहिलं, बारीक. तेवढंच आपलं."

त्यांना हे बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागले. आवाज न चढवता ते म्हणाले, "तुम्ही पदविकाधारक आहात. निष्कर्ष काढणं माझं काम आहे."

"म्हणून मी निष्कर्ष काढला नाही. फ्यूज काढला."

"तो परत लावा."

"नाही."

मला राग येतो तेव्हा मी मोठ्याने बोलत नाही, माझी बोटे गार पडतात. खिशातला फ्यूज मी मुठीत धरून ठेवला होता आणि तोही गार पडला होता.

मग, केवळ काहीतरी विचारायचे म्हणून, त्यांनी विचारले, "त्या मुलाला नेमकं झालंय काय?"

मी सांगितले. सारखी किरकिर, घाम, उजेड सोसत नाही, बोटांची कातडी सुटते. आणि तळवे गुलाबी होतात, इतके सुंदर की बायका दृष्ट काढतात.

त्यांचा हात टेबलावरून सरकत काचेवर आला. छायाचित्रातल्या मुलाने दोन्ही हात उघडून पुढे केले होते. छायाचित्र काळे-पांढरे होते.

"जरा बाहेर थांबा," ते म्हणाले.

बाहेरच्या व्हरांड्यात बायका हात धुऊन ओळीने बसल्या होत्या. सुलभा पिशवी काखेत अडकवून, बाळाच्या डोळ्यांवर पदर धरून उभी होती. रिक्षा मिळेपर्यंत ती थांबली होती. तातू पायरीवरच होते. खोलीची भिंत म्हणजे लाकडी पडदी होती. आतून डॉक्टरांनी एक्स्चेंजला पुण्याचा नंबर सांगितला तो आम्हाला ऐकू आला. लाइटनिंग कॉल द्या, म्हणाले. सर्वांच्या आधी जोडून मिळणाऱ्या त्या महागड्या कॉलला लोक मरणाची बातमी असल्याशिवाय हात लावीत नसत.

फोन लवकर लागला. त्या काळी परगावी बोलायचे तर ओरडूनच बोलावे लागे, आणि डॉक्टर ओरडूनच बोलले.

"तळवे. तळवे म्हणतोय मी. हातांचे आणि पायांचे. रंग सांग."

व्हरांड्यात कुणी हलले नाही.

"गुलाबी आहेत का? असं नको, उजेडात नेऊन बघ. मी थांबतो." बराच वेळ आत शांतता होती. मग पुन्हा आवाज आला. "नीट बघितलंस? दोन्ही पायांचे? बरं. बरं. आता ऐक. ती पुडी काढून ठेव. लावायची नाही. आज नाही, उद्या नाही, एकदासुद्धा नाही. कपाटात वर ठेव, मी आलो की बघतो. अगं नाही, काही झालेलं नाही. काही झालेलं नाही, म्हटलं ना."

फोन ठेवल्याचा आवाज झाला. मग नळ सुरू झाला. डॉक्टर तोंड धुऊन, रुमालाने चेहरा टिपत बाहेर आले. आवाज पुन्हा पूर्वीसारखा मऊ झाला होता. आपण किती ओरडून बोललो हे त्यांना जाणवले नसावे, किंवा व्हरांड्यात बसलेल्या माणसांना कान असतात हे त्यांना कधीच जाणवलेले नसावे.

"रेगेबाई, फ्यूज लावा," ते म्हणाले. "निम्म्या पुड्या बांधायच्या राहिल्या आहेत. सकाळी अध्यक्ष येतील."

तोपर्यंत मी त्यांना चुकलेला माणूस समजत होते. टिकडीवर त्यांचा विश्वास बसत नाही, आयुष्यभराच्या कामाला चिकटून बसले आहेत, भित्रे आहेत, हट्टी आहेत, असे समजत होते. अशा माणसाशी वाद घालता येतो. पण त्यांचा विश्वास बसला होता. माझ्याइतकाच. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंइतकाच. त्यांनी विश्वास ठेवून, तातडीने, पुण्यातले एक तोंड वाचवले होते आणि आता तालुक्यातल्या बाकी तोंडांसाठी गिरण सुरू करायला सांगत होते.

मी खिशातून फ्यूज काढला आणि सुलभाच्या हातात ठेवला.

"डॉक्टर, फ्यूज हिच्याकडे आहे," मी म्हणाले. "हवा असेल तर मागून घ्या."

दुसरा फ्यूज बाजारात कुठल्याही विजेच्या दुकानात मिळाला असता. पण तो आणायला सांगावे असा एकही चेहरा त्या व्हरांड्यात त्यांना दिसला नाही. ते सुलभाकडे बघत राहिले. सुलभाने हातातल्या वस्तूकडे एकदा पाहिले. तिचे लक्ष फ्यूजकडे नव्हते.

"सायबानू," ती म्हणाली, "पुण्याच्या बाळाचे तळवे कशे आसत?"

मला वाटले, आता ते उत्तर देणार नाहीत. पण त्यांनी दिले. खाली बघत म्हणाले, "साधे आहेत. नेहमीसारखे."

"बरा झाला," सुलभा म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तो शोधला, मला तो हवा होता, पण नव्हता. एका पोराचे निभावले म्हणून तिला खरोखरच बरे वाटले होते. डॉक्टर वळले, आत गेले आणि दार लावून घेतले.

सुलभाने फ्यूज कमरेला खोचला, बाळाच्या तोंडावर पदर ओढला आणि पायऱ्या उतरली. बाहेर ऊन रणरणत होते. रिक्षा अजून आली नव्हती. तातू उठले. त्यांनी खुंटीवरची आपली काळी छत्री घेतली, उघडली आणि तिच्या बाजूने चालू लागले, सगळी छत्री बाळावर धरून, स्वतः उन्हात. फाटकापर्यंत आणि पुढे रस्त्याने ती तिघे तशीच गेली.

दुसऱ्या दिवशीचा समारंभ झाला नाही. तांत्रिक अडचणीमुळे पुढे ढकलला, असा फलक लागला आणि मांडव उतरला. बांधलेल्या सगळ्या पुड्या फोडून, मागच्या आवारात खड्डा खणून आम्ही पुरल्या. सुलभाचे बाळ महिनाभर दवाखान्यात होते. त्याचे केस गेले, पुन्हा आले. चालायला उशिरा लागले, पण चालले. डॉक्टर आठल्ये पुढच्या वर्षी मोठ्या पदावर पुण्याला गेले. फणसोंब्यावर मंडळात पुन्हा कुणी काम केले नाही. ती पहिली अंधुक वर्तुळे, जी खरी होती, ती त्या मोठ्या वर्तुळांबरोबर खड्ड्यात गेली. आत काय द्रव्य होते ते मला अजून माहीत नाही. त्याचाही हिशेब मी त्यांच्याच नावावर धरते.

गेल्या वर्षी मंडळाची स्मरणिका घरी आली. डॉक्टर आठल्ये यांच्यावर त्यात स्वतंत्र लेख आहे, छायाचित्रासह. शेवटच्या परिच्छेदात लिहिले आहे की चूर्णाबद्दल शंका येताच या निःस्पृह संशोधकाने, स्वतःच्या कीर्तीची पर्वा न करता, त्याचा वापर स्वतःहून आणि तात्काळ थांबवला.

मी ते वाक्य दोनदा वाचले. त्यात खोटे काही नाही. त्यांनी वापर थांबवला होता, स्वतःहून आणि तात्काळ, लाइटनिंग कॉल लावून. एका घरापुरता.